बदली

सरकारी कचेरीत ज्याचे आयुष्य गेले त्याच्या कानाला ‘बदली’ या शब्दाइतका परिचित शब्द क्वचितच असेल. मूळ अरबी ‘बदल’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि एक वस्तू काढून तिच्या जागी दुसरी ठेवणे हा आपला अर्थ त्याने मराठीत दोन निराळ्या घरी नेऊन नांदविला. कचेरीत बदली म्हणजे अधिकाऱ्याची एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यावर रवानगी. मुंबईच्या गिरणगावात बदली म्हणजे गैरहजर असलेल्या कायम कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता उभा राहणारा माणूस, जो पहाटेच्या भोंग्याला गिरणीच्या दारात येऊन थांबत असे, आणि आज काम मिळणार की चाळीकडे परत फिरावयाचे याचा निर्णय त्याला दारातच ऐकावा लागत असे. हा निर्णय बहुतांशी जॉबरच्या, म्हणजे कामगार नेमणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर अवलंबून होता. १९३५ साली गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना कार्डे देण्याची योजना आणली, तीही ही मर्जी काही प्रमाणात आवरण्यासाठीच. कचेरी आणि गिरणी यांचे जग कितीही भिन्न असले, तरी शब्दाच्या दोन्ही अर्थांच्या तळाशी एकच गृहीत आहे, ते असे की, जागा ही टिकणारी वस्तू असून माणूस तिच्यात ठेवावयाचा आहे, आणि एक उचलून दुसरा ठेवला की ती जागा होती तशी भरून निघते.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी असंख्य जागा रिकाम्या होताना आणि भरताना पाहिल्या, आणि होती तशी भरलेली जागा माझ्या पाहण्यात एकही नाही. नवा माणूस जुन्याहून अधिक कर्तबगार असेल, कमी असेल, परंतु त्याच्या येण्याने बाकीच्या सर्वांचे काम थोडे थोडे बदलते. आणि हा जो थोडाथोडा बदल, त्याची दखल घेण्याची सोय आपल्या कोणत्याही नियमपुस्तकात नाही.

याचे कारण साधे गणित मांडले तरी ध्यानात येते. एका शाखेत दहा माणसे आहेत असे धरले तर त्यांच्यामध्ये दोघादोघांच्या पंचेचाळीस जोड्या होतात, आणि त्या प्रत्येक जोडीत कधीही न बोललेले, कागदावर न आलेले काही करार असतात: याला तोंडी सांगितले तरी पुरते, त्याला चिठ्ठी द्यावी लागते; या दोघांनी एकमेकांचे हिशेब तपासले तर चूक सापडते, त्या दोघांनी तपासले तर भिडेपोटी सुटून जाते. या दहांमध्ये आणखी दोघे आले की माणसे बारा होतात, पण जोड्या सहासष्ट होतात. म्हणजे मनुष्यबळ एक पंचमांशाने वाढले असता, जुळवून घ्यावयाची नाती जवळजवळ निम्म्याने वाढलेली असतात. फ्रेडरिक ब्रुक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने हे गणित स्वतःच्या अनुभवाच्या किमतीने शिकून घेतले. आयबीएम कंपनीच्या ‘सिस्टिम ३६०’ या संगणकमालेसाठी लागणारी कार्यप्रणाली तयार करण्याचे काम त्याच्या देखरेखीखाली चालले होते, ते लांबत गेले, आणि त्या अनुभवावरून १९७५ साली लिहिलेल्या पुस्तकात त्याने असा निष्कर्ष काढला की, आधीच उशीर झालेल्या अशा कामावर अधिक माणसे घातली तर ते अधिकच लांबते. नव्यांना शिकविण्याचा वेळ जुन्यांच्याच कामाच्या वेळेतून जातो, आणि परस्परांना विचारण्या-सांगण्याचा व्याप माणसांच्या संख्येपेक्षा अधिक वेगाने वाढतो, ही त्याची उपपत्ती संगणकाच्या क्षेत्राबाहेरही, निदान माझ्या पाहण्यातल्या कचेऱ्यांना, तंतोतंत लागू पडते.

मला हे पहिल्यांदा उमगले ते एका कालव्यावर. मी त्या वेळी एका पाटबंधारे उपविभागात कारकून होतो. आमच्याकडील एक कालवा निरीक्षक सेवानिवृत्त झाले आणि त्यांच्या जागी दुसऱ्या जिल्ह्यातून एक तरुण गृहस्थ बदलून आले. चार्ज देण्या-घेण्याचा सोपस्कार माझ्याच समोर पार पडला. नमुना सातचे पाणी-अर्ज, पाळीपत्रके, मोजणीची पुस्तके, दारांच्या किल्ल्यांचे तीन जुडगे, दोन कंदील, एक सायकल, असे एकेक कलम वाचले जाई, नवे निरीक्षक वस्तू पाहून मान हलवीत, आणि मी यादीवर खूण करी. दुपारपर्यंत दोघांच्या सह्या झाल्या. यादी निर्दोष होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

रब्बीची पहिली पाळी सुटली आणि आठवड्याच्या आत एका चारीवर मारामारीचा प्रसंग आला. आपल्याकडील शेजपाळीची पद्धत अशी की, पाणी शेपटाकडून तोंडाकडे क्रमाक्रमाने देत यावयाचे, म्हणजे वरच्या शेतकऱ्याने आधी भरून घेतल्यामुळे खालचा कोरडा राहण्याचा धोका उरत नाही. नव्या निरीक्षकांनी हा क्रम अक्षरशः पाळला. परंतु त्या चारीच्या मध्यावर एक शेत उंचवट्यावर होते, आणि चारी काठोकाठ भरलेली असेल तरच तेथे पाणी चढत असे. म्हणून कित्येक वर्षांपासून ते दार क्रम मोडून पहिल्याच रात्री उघडले जाई आणि त्या मोबदल्यात शेपटाकडच्यांना पाळीच्या अखेरीस काही तास अधिक मिळत. हा करार जुने निरीक्षक, त्यांचे पाटकरी आणि दहाबारा शेतकरी यांच्या तोंडी होता. तो पाळीपत्रकात नव्हता, कारण पाळीपत्रकाच्या नमुन्यात त्याच्यासाठी रकाना नव्हता. उंचवट्यावरच्या शेतकऱ्याने आपली रात्र गेलेली पाहून चारीला भगदाड पाडले, खालचे लोक काठ्या घेऊन आले, आणि नवा माणूस लाचखाऊ आहे अशी वदंता तालुक्यात पसरली. तो गरीब माणूस नियमाप्रमाणे वागला होता, एवढाच त्याचा अपराध.

मी त्या रात्री ती चार्ज-यादी पुन्हा काढून वाचली. जे मोजता येते ते सारे तीत होते. आपली चार्ज देण्याची परंपरा फार जुनी आहे आणि तिचा जन्म भयातून झालेला आहे. जामदारखान्यातील ऐवज, अंबारातील धान्य, दारूगोळा, दप्तराचे रुमाल यांचा झाडा देऊनच जुन्या अधिकाऱ्याने पायउतार व्हावयाचे, याचा हेतू अपहार होऊ नये हा होता. आणि तो हेतू या पद्धतीने बव्हंशी साधला, हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांच्यात कामाची वाटणी करून एकाच्या हाती सर्व सत्ता न ठेवण्याची शिवकालीन रीतही याच सावधपणाची. तथापि चोरी होऊ नये म्हणून घडविलेले साधन ज्ञान पोहोचविण्यासाठी पुरे पडत नाही. किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात देता येतो. कोणते दार कोणत्या रात्री उघडावयाचे आणि त्यासाठी कोणाच्या ओट्यावर जाऊन बसावयाचे, हे देता यावे यासाठी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला काही दिवस एकत्र चालावे लागते.

एकत्र चालण्याचे मोल किती, याचा सर्वांत कठोर पुरावा विमानांच्या जगातून आला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९७८ ते १९९० या काळातील, वैमानिकदलाच्या चुका ज्यांस कारण झाल्या अशा ३७ मोठ्या अपघातांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध केला. ज्या अपघातांबाबत वैमानिकांच्या एकत्र उड्डाणाची माहिती उपलब्ध होती, त्यांपैकी ७३ टक्के अपघात त्यांच्या एकत्र कामाच्या पहिल्याच दिवशी, आणि ४४ टक्के तर एकत्र केलेल्या पहिल्याच उड्डाणात झालेले आढळले. हे वैमानिक शिकाऊ नव्हते; प्रत्येकाच्या गाठी अनुभव होता. परंतु दोघांचा मिळून अनुभव शून्य होता. त्याआधी १९८६ साली नासाच्या संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट नोंदविली होती. थकव्याचा परिणाम पाहावा म्हणून त्यांनी काही दिवसांची फेरी नुकतीच संपवून आलेले आणि विश्रांती घेऊन ताजेतवाने झालेले असे दोन प्रकारचे वैमानिक नकली विमानकक्षात बसविले. थकलेल्यांच्या चुका अधिक व्हाव्यात ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात जे वैमानिक ती फेरी एकमेकांबरोबरच करून आले होते, त्यांनी थकूनही अधिक चांगले काम केले. सहवासाने कमावलेले सामर्थ्य झोपेने कमावलेल्या सामर्थ्यावर मात करून गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

असे असूनही विमान कंपन्या कायमची जोडी ठेवू शकत नाहीत, कारण रजा, विश्रांतीचे नियम आणि वेळापत्रक यांचा मेळ घालताना माणसे सतत फिरवावी लागतात. त्यांनी मार्ग निराळा काढला. उड्डाणापूर्वी कप्तानाने सर्वांशी बोलावयाचे, कोणाचे काम काय आणि शंका आली तर ती कशी बोलून दाखवावयाची हे आधीच ठरवावयाचे, आणि ठराविक टप्प्यांवर एकाने वाचावे व दुसऱ्याने उत्तर द्यावे अशा तपासयादीने चालावयाचे. अनोळखी माणसांनाही पहिल्या तासात एकमेकांच्या हालचालींचा अंदाज यावा म्हणून केलेली ही योजना आहे, आणि कचेऱ्यांनी तिच्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. विशेषतः, नवा माणूस येताच पहिल्याच सकाळी सर्वांनी एकत्र बसून ‘आता कोण काय करणार’ हे पुन्हा एकवार मोठ्याने बोलणे, ही अर्ध्या तासाची गोष्ट आम्ही छत्तीस वर्षांत एकदाही केली नाही.

परंतु दूर जाण्याचे कारण नाही. याहून जवळचे आणि मला याहून अधिक प्रिय उदाहरण मुंबईच्या डबेवाल्यांचे आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात करोनाच्या महासाथीपूर्वी सुमारे ५,००० माणसे होती, आणि त्यांतील बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पुणे जिल्ह्याच्या पट्ट्यातली. त्यांच्या डब्यांवरील रंगांच्या, अक्षरांच्या आणि आकड्यांच्या खुणांची वाखाणणी जगभर झाली आहे. पण मला त्या खुणांपेक्षा त्यांच्या गटाची रचना अधिक विचार करण्याजोगी वाटते. वीस-पंचवीस माणसांचा एक गट, त्यावर त्यांच्यातलाच एक अनुभवी मुकादम, प्रत्येक गटाचा जमाखर्च स्वतंत्र. आणि प्रत्येक गटात दोन-तीन माणसे गरजेहून अधिक ठेवलेली. एखादा आजारी पडला, गावाकडे मयतीला गेला, की ही माणसे त्याची ओळ उचलतात. शिवाय घरोघरी डबे गोळा करणे, स्टेशनावर वेगळे काढणे, गाडीत चढविणे, पोहोचविणे यांपैकी एकाहून अधिक कामे बहुतेकांना येत असतात.

गिरणीच्या दारातल्या बदलीशी डबेवाल्यांच्या या राखीव माणसाची तुलना करून पाहा. तो दाराबाहेर उभा असे आणि आज कोणत्या साच्यावर, कोणाच्या शेजारी उभे राहावे लागणार हे त्याला ठाऊक नसे. हा गटाच्या आतला आहे, रोज सर्वांबरोबर खातो, एकादशी पाळतो, कोणत्या इमारतीतील पहारेकरी वर जाऊ देत नाही हे त्याने चालता चालता पाहिलेले आहे. हिशेबनिसाच्या दृष्टीने तो जास्तीचा माणूस आहे. डबेवाल्यांच्या दृष्टीने तो गटाची आठवण आहे, आणि त्याचा खर्च ते आपसात वाटून घेतात. नवीन पोरगाही असाच येतो: कोणाचा पुतण्या, कोणाच्या गावचा, अनुभवी माणसाच्या पाठोपाठ काही महिने डबे वाहतो, आणि मग त्याच्यावर घरे सोपविली जातात. या पद्धतीची मर्यादाही मी लपवीत नाही. ज्याचे तेथे गणगोत नाही त्याला हे दार सहजी उघडत नाही, आणि मार्च २०२० मध्ये लोकलगाड्या बंद पडून सारा धंदाच थांबला तेव्हा गटाच्या आतला हा जिव्हाळा पोट भरावयास पुरला नाही. पुष्कळ जण गावी गेले ते परतलेच नाहीत.

माणसे बदलूच नयेत, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. राल्फ कॅट्झ या अभ्यासकाने एका मोठ्या अमेरिकन कंपनीतील संशोधकांचे ५० गट तपासून १९८२ साली असे दाखविले की, गट जसजसा जुना होतो तसतसे त्याचे काम प्रथम सुधारते आणि चार-पाच वर्षांनंतर खालावू लागते. कारण जुन्या गटातील माणसे बाहेरच्यांशी बोलणे कमी करतात, आपल्याला सर्व ठाऊक आहे असे त्यांना वाटू लागते. हे आपल्या पूर्वजांना निराळ्या वाटेने समजले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, गडावरील अधिकाऱ्यांना ठराविक मुदतीनंतर हलविण्याची तजवीज सांगितली आहे. एका जागी मुळे फार खोल गेली की माणूस जागेला आपली मिरास समजू लागतो, ही भीती तिच्यामागे आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमानेही सामान्यतः तीन वर्षांचा पदावधी धरला आहे, आणि तो मला योग्यच वाटतो.

माझी तक्रार आहे ती बदल्यांच्या हंगामाविषयी. त्याच अधिनियमाप्रमाणे बदल्या सर्वसाधारणपणे वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात, आणि मुलांच्या शाळांचा विचार केला तर हे सोयीचेही आहे. परंतु एखाद्या लहान कचेरीत एकाच आठवड्यात निरीक्षक, लेखापाल आणि शाखेचा प्रमुख असे तिघेही हलले, तर ज्याला विचारावे असा माणूसच तेथे उरत नाही, आणि मग शिपाई हाच त्या कचेरीचा इतिहास होऊन बसतो. कुंडीतील माती बदलताना मुळाभोवतीचा गोळा तसाच राहू द्यावा, हे माळ्याला सांगावे लागत नाही. कोणत्याही वर्षी अर्ध्याहून अधिक जुनी माणसे जागेवर राहतील एवढी काळजी आदेश काढणाऱ्याने घेतली, तर येणाऱ्याला बसावयास जागा आणि विचारावयास शेजार मिळेल.

अशा संक्रमणाविषयी व्यवस्थापनाच्या वर्गांतून जो सिद्धांत हटकून सांगितला जातो तो ब्रूस टकमन याचा: गट जमतो, भांडतो, त्याच्या रीती बसतात आणि मग तो काम करू लागतो, हे चार टप्पे त्याने १९६५ साली मांडले आणि १९७७ साली मेरी ॲन जेन्सन हिच्या साहाय्याने विसर्जनाचा पाचवा टप्पा जोडला. हा सिद्धांत बराचसा उपचारासाठी आणि प्रशिक्षणासाठी जमविलेल्या गटांच्या निरीक्षणावर उभा आहे, जेथे तीच माणसे आरंभापासून अखेरपर्यंत असतात. कचेरी अशी एकदा जमून एकदा मोडत नाही, तीत दर दोन-चार महिन्यांनी कोणी तरी येतो, कोणी तरी जातो. म्हणून ‘आमचे भांडण्याचे दिवस संपले’ असे समजणाऱ्या प्रमुखाची फसगत होते. त्या सिद्धांतातून मी एवढेच घेतो की, नव्या माणसाच्या आगमनानंतरची कुरबूर हा कोणाच्या स्वभावाचा दोष नसून नाती नव्याने बसण्याचा तो आवाज आहे.

या सगळ्यात ज्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नसते ती मागे राहिलेली माणसे. जाणाऱ्याचा सत्कार होतो, येणाऱ्याचे स्वागत होते. परंतु वीस वर्षे शेजारच्या टेबलावर असलेला सोबती निघून गेल्यावर ज्याला दुसऱ्याच दिवशी त्याच्या मोकळ्या खुर्चीकडे पाहत काम उरकावे लागते, त्याला कोणी काही विचारीत नाही. जुना माणूस कोणते काम नेमके करीत होता हे त्यालाच ठाऊक असते, आणि नव्याला ते सांगावे की न सांगावे हेही बहुधा त्याच्याच मनःस्थितीवर अवलंबून राहते. निरोपाच्या समारंभात दोन शब्द त्याच्याविषयी बोलले गेले, आणि नव्याच्या हातात हात त्याच्याच करवी देवविला गेला, तर पुढच्या कित्येक अडचणी उभ्याच राहत नाहीत, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

आमच्या त्या चारीचा तंटा मिटला तो असा. उपविभागीय अधिकाऱ्यांनी निवृत्त निरीक्षकांना निरोप धाडला, आणि ते भले गृहस्थ, कोणत्याही भत्त्याची अपेक्षा न ठेवता, एस.टी.ने आले. दोन दिवस ते नव्या निरीक्षकांबरोबर पाटाच्या कडेने पायी चालले; प्रत्येक दारापाशी थांबले, ज्याचे शेत त्याला हाक मारली, “हे आता तुमचे साहेब” असे सांगितले आणि ओट्यावर बसून चहा घेतला. उंचवट्यावरच्या शेतकऱ्याने प्रथम पाठ फिरविली, मग तोच दार दाखवावयास पुढे झाला. मी वही घेऊन मागून चालत होतो. जे ऐकले ते लिहून घेतले, आणि बरेचसे लिहिण्यासारखे नव्हते, ते नुसते पाहिले.

पाच वर्षांनी त्या निरीक्षकांचीही बदली झाली. चार्जची यादी पुन्हा माझ्याकडेच तयार करावयास आली. किल्ल्यांचे जुडगे, कंदील, सायकल ही कलमे लिहून झाल्यावर त्यांनी यादी मागून घेतली आणि शेवटच्या कलमाखाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक कलम घातले: ‘कालव्यावरील फेरी, समक्ष, दिवस दोन.’ त्यापुढील नगाच्या रकान्यात काय लिहावे हे दोघांनाही सुचेना, म्हणून तो तसाच कोरा ठेवून आम्ही खाली सह्या घेतल्या.